डीपीवरचा रुमाल

शाकिर मिस्त्रीला दोन गोष्टींचा मनापासून राग होता. एक, काम चालू असताना डोक्यावर उभं राहून सल्ले देणारी माणसं. आणि दोन, पेटीत भिंतीकडं तोंड करून बसवलेले कनेक्टर. पहिल्यावर इलाज होता, कारण शाकिरची जीभ तिखट होती. दुसऱ्यावर मात्र नव्हता.

कनेक्टर म्हणजे काय, तर चिनी मातीची बोटभर चीज. आत पितळेची नळी, नळीवर दोन स्क्रू. खांबावरून आलेली तार इकडून घालायची, मोटारीची तिकडून, स्क्रू आवळले की झालं. पण सावळखेडच्या शिवारात कोण्या शहाण्यानं सगळ्या विहिरींवरच्या पेट्यांत हे कनेक्टर उलटे ठोकून ठेवले होते. स्क्रू भिंतीकडं! ते काढायचे म्हणजे मनगटापर्यंत हात आत घाला, दुसऱ्या हातात आरशाचा तुकडा तिरपा धरा आणि दांडी कापून बुटका केलेला पेचकस अंदाजानं फिरवा. स्क्रू गंजलेला असला तर आधी रॉकेलचा थेंब सोडा आणि वाट बघत बसा. एवढं करताना शाकिरच्या तोंडून त्या शहाण्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. वरवट बकालला बसथांब्याजवळ त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं, आणि तिथं बसून मोटारी भरणं त्याला या शेतोशेतच्या फिरतीपेक्षा शंभर पटीनं बरं वाटे.

पण त्या साली नाही म्हणायची सोयच नव्हती. कपाशीचं बीटी बियाणं आलं तेव्हा अळीची कटकट मिटली म्हणून पेढे वाटणारं हे शिवार. आता बोंड दाबलं की आतून गुलाबी अळी निघत होती. निम्म्या लोकांनी उभ्या पऱ्हाटीत ढोरं सोडली होती. ज्यांनी पऱ्हाटी राखली होती त्यांची आशा शेंड्याकडच्या बोंडांवर होती, आणि त्या बोंडांना एक पाणी पाहिजे होतं. शेतीची लाइट त्या आठवड्यात सकाळी यायची आणि चारला जायची. त्यात पावसाळ्यानं कनेक्टर सडलेले. एखादी तार सैल पडली की मोटार गुरगुरायची आणि जळायची. शेवटी एका डीपीवरच्या, म्हणजे एकाच ट्रान्सफॉर्मरवरून लाइट घेणाऱ्या सगळ्यांनी ठरवलं, शाकिरला बोलवा आणि एकाच दिवशी सगळ्या पेट्यांमधले कनेक्टर बदलून टाका.

सावळखेडात लाइनचं काम करायची एक रीत होती. डीपीच्या पेटीतले तीन फ्यूज काढायचे आणि पेटीच्या कडीला आपला रुमाल बांधायचा. रुमाल बांधलेला आहे तोवर लाइनवर माणूस आहे. ज्याचा रुमाल त्यानंच सोडायचा. दुसऱ्यानं हात लावायचा नाही, मग पीक वाळो की बाप मरो. लाइनवर दोघं असतील तर रुमाल दोन. मागं एकदा कोणीतरी घाईत फ्यूज टाकले होते आणि पलीकडं एक माणूस तारेला चिकटून राहिला होता. त्याला पाहिलेली माणसं अजून गावात होती, त्यामुळं ही रीत कोणाला समजावून सांगावी लागत नव्हती.

शाकिर मोटारसायकलवर डीपीपाशी पोचला तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. पळसाच्या सावलीत नारायणराव बसले होते. डीपीवरच्या शेतकऱ्यांचे हेच पुढारी, बोलावणंही यांचंच.

"ये," नारायणराव म्हणाले. "कुठीसा होता? मी कवाचा वाट पाहून राह्यलो."

शाकिरनं गाडी स्टँडला लावली आणि पेटीकडं पाहिलं. तिन्ही फ्यूज काढून ठेवलेले. कडीला निळ्या चौकड्यांचा रुमाल बांधलेला.

"हा कोनाचा?"

"मले वाटलं तुहाच. मी आलो तवा बांधेलच होता."

"मी आता येऊन राह्यलो ना! तुमी दुसरा मिस्त्री बोलावला काय?"

"नाई बापा. कोनाले बोलावू? तुहाच कामाचा आमाले भरोसा."

शाकिरचं डोकं फिरलं. बोलवायचं आपल्याला आणि काम द्यायचं दुसऱ्याला, असे प्रकार त्यानं पाहिले होते. रुमालावरून काही कळत नव्हतं. वरवटच्या बाजारात असल्या निळ्या चौकड्यांचे ढीग लागत, आणि त्याच्या स्वतःच्या गळ्यातही तसलाच होता. आधी हा कोण उपटसुंभ आलाय ते बघू, मग कामाचं ठरवू, असं म्हणत त्यानं थैली खांद्याला लावली. आपला रुमाल काही त्यानं गळ्यातून काढला नाही. कामच सुरू करायचं नव्हतं, तर बांधायचा कशाला?

"मी त्याले पाहून येतो," तो म्हणाला. "पन तो सोता येऊन रुमाल सोडत नाई तवर फ्यूजले हात लावू नका."

"आन घेतो," नारायणराव गळ्याला हात लावून म्हणाले. "मी इथून उठतच नाई."

पहिली विहीर गोजरबाईची. म्हातारी एकटीच असायची, डोळ्यांत मोतीबिंदू, पण तोंड दिवसभर चालू. पेटीचं दार उघडंच होतं. शाकिर वाकला आणि बघतच राहिला. कनेक्टर नवे होते. नुसते नवे नाहीत, सरळ करून बसवलेले, स्क्रू समोर. तारांची काळी टोकं कापून, तांबं पार लखलखीत होईतो खरवडून, दुहेरी दुमडून आत घातलेली. शाकिरनं तार ओढून पाहिली. हलेना. वर चिकटपट्टी गुंडाळली होती आणि तिचं टोक आत दुमडून छोटासा कान काढून ठेवला होता, पुढच्या वेळी उकलायला सोपं जावं म्हणून. असा कान शाकिर काढायचा. अख्ख्या तालुक्यात दुसरं कोणी काढत असेल असं त्याला वाटलं नव्हतं. आहे बुवा कोणीतरी शहाणा, असं मनात म्हणून तो सरळ झाला.

काढलेले जुने कनेक्टर पेटीवर ओळीनं ठेवले होते. त्यानं एक उचलला. पितळ कोमट लागलं. उन्हानं असेल.

"काऊन रे बाबू, काई राह्यलं काय?" मागून गोजरबाईचा आवाज आला.

"मावशी, इथं कोन येऊन गेलं?"

"आता माय! तूच नाई का येऊन गेला? चहा दिला त अर्धा टाकला अन् उठला. मले नाई आवडत असं."

ओट्यावर कपबशी होती. कपात अर्धा चहा, अजून वाफ निघत होती. शाकिरला अर्धा चहा टाकून उठायची खोड होती, आणि त्यावरून घरी त्याची बायको सरवरी त्याला रोज बोलायची. पण ही खोड काही त्यानं एकट्यानं विकत घेतली नव्हती.

"मावशी, डोये दाखव एकडाव डॉक्टरले," तो हसून म्हणाला.

"डोये गेले, कान नाई गेले," म्हातारी फणकारली आणि कप उचलून आत गेली.

पुढच्या विहिरीवर मालक नव्हता. काम झालेलं होतं. त्याच्या पुढच्या विहिरीवरही तेच. तसाच सरळ केलेला कनेक्टर, तसाच कान, तशीच जुन्या कनेक्टरांची ओळ. खरं तर शाकिरनं खूश व्हायला हवं होतं. त्याच्या वाटची कटकट परभारे मिटत होती. पण त्याच्या पायांना काही स्वस्थता नव्हती. तो बांधाबांधानं जवळजवळ पळत होता. पऱ्हाटी दोन्ही बाजूंनी छातीला लागत होती, किडक्या बोंडांचा कुबट वास येत होता, आणि अळीच्या पाखरांसाठी टांगलेले पिवळे सापळे काठ्यांवर गप्प लोंबत होते.

"ओ मिस्त्री!" त्यानं हाक मारली. "थांबा जरा!"

कोणी ओ दिली नाही. एकदा फक्त दूर, पेटीपुढं वाकलेली एक पाठ त्याला दिसली. बांध उतरून पोचेपर्यंत तिथं कोणी नव्हतं. चिकटपट्टी मात्र बोटांच्या उबेनं अजून मऊ होती.

किसनराव आपल्या विहिरीवर पाइप सरळ करत होते. शाकिरला पाहताच ते भडकले.

"काऊन बे, बहिरा झाला काय? इतक्या हाका मारल्या त मान वर नाई केली!"

"कवा?"

"कवा म्हंजे? आता! इथंच बसून काम केलं ना तू माह्या डोयापुढं! पानी पेतो काय इचारलं, त बोलाले तयार नाई. अन् मंग उठून चालता झाला."

"किसनराव, मी आताच येऊन राह्यलो. डीपीकडून."

किसनरावांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्यांचे डोळे गरुडासारखे. लांबच्या बांधावरचं ढोर कोणाचं ते इथून सांगत.

"हाच सदरा," ते म्हणाले. आवाज उतरला होता. "हीच थैली. गळ्यात रुमाल नव्हता, येवढंच."

शाकिरनं मनातल्या मनात घरचे सगळे आठवून पाहिले. त्याला सख्खा भाऊ नव्हता. चुलतभाऊ जाकीर चेहऱ्यानं थोडाफार त्याच्यासारखा, पण तो सुरतेला, आणि त्याला साधा बल्ब बदलता येत नाही. मग असेल कोणी, तोंडावळ्यानं माणसं सारखी असतात, एकाच बाजारात कपडे घेतात, असं तो स्वतःला समजावत राहिला. काही केल्या मन मानेना.

"गेला कुठी तो?"

"अन्नपूर्णाच्या वावरात. तिकडंच."

शाकिरनं चालता चालता नारायणरावांना फोन लावला.

"कोनी आलं काय रुमाल सोडाले?"

"नाई. पन लोक कावून राह्यले ना रे. चार वाजता लाइट जाईन, दिवस गेला फुकट. मले म्हनतात, टाका फ्यूज."

"टाकू नका!" शाकिर ओरडला. "मानूस लाइनवर हाय, भाऊ. त्याच्या हातात उघडी तार हाय. मेला त काय सांगसान त्याच्या बायको-पोराले?"

"बरं बरं. ओरडू नको," नारायणराव म्हणाले.

फोन ठेवला तरी त्याचा जीव टांगणीलाच होता. तो परका कोणी का असेना, आज त्याचा जीव त्या एका रुमालाच्या गाठीवर होता, आणि गाठीभोवती तहानलेल्या वावरांचे मालक जमले होते. त्याला लवकर गाठायचं, हात धरून लाइनवरून बाजूला करायचं. बाकी भांडण नंतर.

अन्नपूर्णाचं वावर शेवटचं. तिचा नवरा पुण्याला कंपनीत, शेती सगळी तिच्या अंगावर. तिची मोटार मागच्याच महिन्यात जळाली होती. ती विहिरीच्या काठावर उभी होती.

"आले का शाकिरभाऊ! सकायपासून वाट पाहून राह्यली मी."

"इथं कोनी आलं?"

"कोनीच नाई. तुमीच पयले."

पेटीच्या दारावर कोळ्याचं जाळं अख्खं होतं. आत जुनेच कनेक्टर, उलटे, हिरवट बुरशी चढलेले. शाकिरनं चारी बाजूंना पाहिलं. पऱ्हाटी, बांध, आभाळ. म्हणजे मधे कुठंतरी आपण त्याला मागं टाकलं. येईल इकडंच. इथंच त्याला धरू.

तो थांबला. बराच थांबला. कोणी आलं नाही.

"भाऊ, बसून काऊन राह्यले?" अन्नपूर्णा शेवटी म्हणाली. "लाइन बंदच हाय त करून टाका ना. चारच्या आत घंटाभर जरी पानी भेटलं तरी शेंड्याचे बोंडं वाचतीन. नाई त मीबी ढोरंच सोडते मंग."

शाकिरनं गळ्यातल्या रुमालाला हात लावला. लाइनवर दोघं असतील तर रुमाल दोन. हे त्याला पाठ होतं. पण डीपी आता लांब राहिली होती, तिथं एक रुमाल बांधलेलाच होता, आणि नारायणरावांनी आन घेतली होती. जाऊ दे, तो म्हणाला, आणि पेटीपुढं बसला. पाइपाच्या गळतीनं तिथं चिखल होता, म्हणून चपला त्यानं बाजूला काढून ठेवल्या.

स्क्रू हटवादी निघाले. रॉकेल सोडलं, मुठीनं ठोकलं, आधी अर्धा आटा आत आणि मग बाहेर. पहिला सुटला. दुसरा सुटला. तिसऱ्यावर त्यानं शहाण्याच्या पिढ्या काढायला सुरुवात केली आणि अन्नपूर्णा पदराआड हसली. तिन्ही कनेक्टर निघाले. खांबाकडच्या तारा त्यानं एकमेकींपासून लांब वाकवल्या, एक डाव्या हातात घेतली, काळं टोक कापलं आणि पात्यानं तांबं खरवडायला लागला.

तेव्हा गोजरबाईच्या विहिरीची मोटार सुरू झाली.

त्याला आधी वाटलं, भास. मग किसनरावांची सुरू झाली. सगळ्यांच्या मोटारींना ऑटो लावलेले. लाइट आली की माणूस नसला तरी त्या आपोआप चालू होत. एकामागून एक सगळं शिवार घुमू लागलं. दूरवर कोणीतरी आनंदानं आरोळी ठोकली.

शाकिर चिखलात अनवाणी बसला होता. डाव्या हातात तार होती. अंगठा आणि बोट उघड्या तांब्यावर होती.

त्यानं तार सोडली. सावकाश, साप सोडावा तशी.

"या अल्लाह," तो म्हणाला. हात पाहिला. काही नव्हतं. मुंग्यासुद्धा नाहीत. वाचलो! त्याला एकदम रडू आलं आणि हसूही आलं. ही तारच मेलेली असणार, मधे कुठंतरी तुटलेली. त्यानं खिशातला टेस्टर काढून तिला लावला. दिवा लागला नाही. बाकीच्या दोन्हींना लावला. नाही. तिन्ही मेलेल्या. सुटला जीव.

मग त्याला तो दुसरा मिस्त्री आठवला. तो लाइनवर होता! त्यानं घाईघाईनं फोन लावला.

"कोनी टाकले फ्यूज? कोनी टाकले?"

"कोनी म्हंजे?" नारायणराव म्हणाले. "मी टाकले. तूच त म्हनला."

"मी?"

"आता आला, रुमाल सोडला, गळ्यात टाकला. सगळे कनेक्टर झाले, टाका म्हनला. अन् गाडी घेऊन गेलाबी घरी." मग ते थांबले. "तू कुठून बोलून राह्यला?"

शाकिरनं फोन बंद केला. पँटीच्या खिशावर हात दाबला. गाडीची किल्ली आत होती.

घरी यावेळी सरवरी एकटी असेल. पोरगी महनूर शाळेतून येईल. गाडीचा आवाज ऐकून ती दारात पळत येते.

"भाऊ," अन्नपूर्णा म्हणाली, "लाइट त आली ना."

"इकडं नाई आली. तारा मेल्या हायत."

"आली ना. तो पाहा."

खोपीत बल्ब जळत होता. त्याची तार याच पेटीतून, कनेक्टरच्या आधीच, याच तारेवरून घेतलेली होती. शाकिरनंच मागच्या साली जोडून दिली होती.

"मंग टेस्टर खराब झाला असन," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू येईना.

"माहा हाय ना. यायनं ठेवून देला पुन्याले जाताना." ती खोपीत जाऊन आपला टेस्टर घेऊन आली.

टेस्टरचं साधं असतं. टोक तारेला लावायचं, बोट मागच्या टोपीवर ठेवायचं. वीज टेस्टरमधून माणसाच्या अंगात येते आणि जमिनीत उतरते, इतकी बारीक की कळतसुद्धा नाही. आणि तेवढ्यावर आतला दिवा लागतो. मागं माणूस नसला तर लागत नाही.

अन्नपूर्णा पेटीशी वाकली. टोक तारेला लावलं, टोपीवर बोट ठेवलं. नारिंगी दिवा लागला.

"हाय ना लाइट," ती म्हणाली. "तुमचाच खराब दिसते."

"तसाच धर," शाकिर म्हणाला. "हालवू नको. फक्त बोट उचल."

तिनं बोट उचललं. दिवा गेला. शाकिरनं त्या टोपीवर आपलं बोट ठेवलं.

दाबलं. आणखी दाबलं.

"नीट नाई टेकलं," अन्नपूर्णा म्हणाली, आणि तिनं त्याच्या बोटाशेजारी आपलं बोट टेकवलं. दिवा लागला.

ती हसणार होती. मग तिनं टोपीवरच्या दोन बोटांकडं पाहिलं, आणि आपलं बोट हळूच काढून घेतलं.